‘बास’ म्हणायचं असतं

४ मार्च

बाबा आज स्वतःहून माझ्या ॲक्युप्रेशरच्या टेबलावर झोपले! इतकी वर्षं माझ्या कामाला ‘दाबादाबी’ म्हणून नाक मुरडलं आणि आज म्हणे, “मान धरलीय, बघ जरा.” घड्याळं दुरुस्त करता करता मान पार पुढे आलीय. पालथे झोपले तरी खांदे कानांना चिकटलेले. डोळ्याला भिंग लावून आयुष्य काढल्यावर दुसरं काय होणार?

सगळ्यांना सांगते तेच त्यांनाही सांगितलं — बिंदू दाबताना दुखलं की ‘बास’ म्हणायचं, मी तिथेच थांबते.

“मी नाही म्हणायचो,” म्हणाले. वर हसले.

९ मार्च

अंगठा आणि पहिल्या बोटाच्या बेचक्यात दाबलं. तिथे भलेभले ट्रकवाले आईच्या नावाने ओरडतात. बाबा ढिम्म! शेजाऱ्याच्या कुत्र्याची तक्रार सांगत होते. मग मीही हट्टाला पेटले. दोन्ही अंगठे एकावर एक ठेवून सगळा जोर लावला. ‘बास’ काही नाही! मानलं बुवा म्हाताऱ्याला. आलेल्या प्रत्येक पेशंटला कौतुकाने सांगत सुटले.

१० मार्च

अंगठे ठणकतायत — माझे.

१७ मार्च

वहिनीचा फोन. बाबांच्या हातून स्क्रू पडतात, दुकानात फरशीवर बसून चाचपत राहतात. सकाळी शर्टाची बटणं दादा लावून देतो. मी म्हटलं, “खांदे आखडलेत ना, म्हणून. मोकळे झाले की बोटंही सुटतील.” काय ठाम आवाज होता माझा!

“तुला कळतं त्यातलं,” म्हणाली बिचारी.

२२ मार्च

बाबांच्या हाताखाली गरम पाण्याची पिशवी ठेवली आणि दार उघडायला गेले. परत येऊन पिशवी काढली तर मनगटापाशी हा एवढा फोड. मी किंचाळले.

बाबा हाताकडे बघत राहिले. “गारच होती की ग.”

म्हणजे बेचक्यातही — म्हणजे तेव्हाही ते सहन करत नव्हते. त्यांना काही कळतच नव्हतं. आणि मी कौतुक करत होते. लिहवत नाही.

२५ मार्च

हॉस्पिटल. मानेत मज्जारज्जूवर दाब आलाय. उद्या ऑपरेशन. मी डॉक्टरांना सरळ विचारलं — माझ्यामुळे झालं का? “दाबल्यामुळे नाही. पण वेळ गेला.” फार सभ्य माणूस. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शिव्या दादाने दिल्या. बाहेर बाकावर. “दुखतंय का, एवढं विचारायला काय झालं होतं?”

मी ‘बास’ची वाट बघत होते रे.

२ एप्रिल

ऑपरेशन झालं. आणखी बिघडणार नाही, एवढंच सांगतात. बोटांना परत कळायला लागेल की नाही, ते म्हणे बघायचं. रोज बेचक्यात हलकेच दाबते आणि त्यांच्या तोंडाकडे बघत बसते. बाबा माझ्या अंगठ्याकडे बघत बसतात.

दादा म्हणाला, दुकान आता बंदच करू. बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. किल्ली उशाखाली ठेवलीय.

८ एप्रिल

काही नाही.

११ एप्रिल

म्हणाले! ‘बास’ म्हणाले! मी दाबलं आणि बाबा कळवळले — “बास, बास ग, केवढ्याने दाबतेस!” मी तिथेच भोकाड पसरलं. नर्स धावत आली, तीही हसायला लागली. बाबा दुसऱ्या हाताने माझं डोकं थोपटत होते, “झालं ना आता? आता नीट जेव.”

दादाला फोन केला — दुकान बंद करायचं नाव काढायचं नाही! तो म्हणाला, “चिडलो होतो ग. मनात ठेवू नकोस.” तीन आठवडे छातीवर बसलेला धोंडा उतरला. आज झोप लागेल.

१२ एप्रिल

बाबांना थंडी वाजत होती, दोन्ही हात चादरीखाली होते. मी तसाच चादरीखाली हात घातला, बेचकं सापडलं. दाबलं. मग जोरात. मग होता नव्हता तेवढा जोर लावला.

बाबा खिडकीबाहेर बघत होते. जरा वेळाने म्हणाले, “आज दाबून बघणार नाहीस का ग?”