मध्येच बंद करू नका

दि. ९ मार्च, सोमवार, सकाळी

चि. भोंगूस,
अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, त्याबद्दल आधी माफी मागतो. नव्या घराचा पत्ता लिहिलेलं तुझं कार्ड आईला येऊन सात महिने झाले. रोज ठरवायचो, आज लिहू. मग वाटायचं, माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच ठेवून देशील. म्हणून वरचा पत्ता आईकडून लिहून घेतला आहे. रागावू नकोस.

आम्ही बरे आहोत. आईचे गुडघे आहेत तसेच आहेत. नव्या घरी गॅसची नळी बदलून घेतलीस का? आधी राहणारे लोक कसे होते कोण जाणे. पत्र वाटेत भिजेल म्हणून आत प्लास्टिकची पिशवी घातली आहे, ती फेकून दे.

भोंगू म्हटलेलं चालेल ना? तान्ही असताना तू रडायला लागलीस की शेजारचे म्हणायचे, चला, कारखान्याचा भोंगा झाला, निघा कामावर. कागदावर आधी तुझं शाळेतलं नाव लिहिलं होतं, पण मग पेन पुढे सरकेना.

हे पत्र लिहायचं कारण असं घडलं, की गेल्या महिन्यात लांब स्क्रू ड्रायव्हर शोधत होतो, तर हत्यारांच्या पेटीच्या तळाशी तुझी कॅसेट सापडली. वर तुझ्या अक्षरात लिहिलेलं, ‘हार्डकोर पंक. नव्याने ऐकणाऱ्यांसाठी, म्हणजे बाबांसाठी.’ आत घडी केलेला कागद. आठ गाणी, प्रत्येकाखाली दोन-चार ओळी, गाण्याचा अर्थ आपल्या भाषेत, आणि शेवटी तीन सूचना. आवाज मोठा ठेवा. शब्द कळले नाहीत तरी घाबरू नका. मध्येच बंद करू नका.

तू दिलीस तेव्हा मी ती ऐकली नव्हती. तू विचारलंस तर ‘चांगली आहे’ म्हणालो होतो. तुला तेव्हाच कळलं असणार.

आता ऐकली. रोज सकाळी एक गाणं. आई शेंगा सोलत होती, म्हणाली, “म्हातारपणी हे काय नवीन काढलंत?”

“लेकीने ऐकायला सांगितलंय.”

“अकरा वर्षांपूर्वी सांगितलं होतं तिने. तुम्हाला निरोप पोचायला जरा वेळच लागतो.”

पहिलं गाणं बावन्न सेकंदांचं निघालं. मला वाटलं टेप अडकली. खाली तू लिहिलंस, ‘संपलं असं वाटेल, तर ते संपलेलंच आहे. पुन्हा लावा.’ पुन्हा लावलं. चौथ्या वेळी ड्रम वेगळा ऐकू आला. आमच्या कारखान्यातला डब्यांचा पत्रा कापायचा मोठा प्रेस पूर्ण वेगात असला की अशीच चाल धरायचा. बाहेरच्या माणसाला तो नुसता गोंगाट. आत उभं राहणाऱ्याला त्यात पट्टा, चाक, ठोका, सगळं सुटंसुटं कळतं. ते ड्रम वाजवणारं पोर घाई करतं, पण चुकत नाही.

दुसऱ्याखाली तू लिहिलंस, की या गाण्यांत कोणी एकटा पुढे येऊन गिटार मिरवत नाही, आणि ही मुलं कोणाच्या परवानगीची वाट न बघता तळघरात, गॅरेजमध्ये वाजवायची, रेकॉर्डही स्वतःच काढायची. ते मला आवडलं. तिसऱ्यात सगळे एकदम ओरडतात. गाणाऱ्याने माईक समोरच्या गर्दीत दिलेला असतो, ज्याला शब्द पाठ आहेत त्याने म्हणायचे. पाचवं मध्येच मंद आणि जड होतं. वीज काढल्यावरही प्रेसचं चाक आपल्या वजनाने फिरत राहतं, तसं. तिथे मुलं एकमेकांवर आदळतात आणि कोणी पडला तर आधी त्याला उचलतात, असं तू लिहिलं आहेस. मी समजत होतो मारामारी असते. कागद वेळेवर वाचला असता तर बरं झालं असतं.

सातव्यातला मुलगा एवढंच म्हणतो, की मी या घरात राहतो आणि मला कोणी काही विचारत नाही. ते तीनदा ऐकलं. मग चार दिवस टेप लावला नाही.

आता त्या रविवारचं लिहितो. दोन कप चहा झाले तरी पेन तिथेच अडतंय.

शाळेमागच्या हॉलमध्ये तुमच्या बँडचा कार्यक्रम होता, पाच वाजता. आई पुढे बसली. मी मागे, विजेच्या बोर्डाशेजारी उभा राहिलो. चाळीस वर्षं फिटर म्हणून काढली, कुठल्याही हॉलमध्ये गेलो की पाय तिकडेच जातात. तुमच्या तिसऱ्या गाण्यात तू किंचाळलीस. कारखान्यात माणसाची किंकाळी आली की जवळच्याने विचारायचं नसतं, मेनचा खटका खाली ओढायचा. शिकाऊ असताना पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच. अशाने मी दोघांचे हात वाचवले आहेत. माझा हात बोर्डाकडे गेला, खटका पडला आणि हॉल गप्प झाला.

हे मी आईला सांगितलं, सगळ्यांना सांगितलं. हात आपोआप गेला. ते खरं आहे.

पण पुढचं मी कोणाला सांगितलेलं नाही. खिडकीतून उजेड येत होता. तू स्टेजवरूनच माझ्याकडे पाहिलंस आणि शांतपणे म्हणालीस, “बाबा, वर करा.” हात खटक्यावरच होता. वर करायला एक क्षण लागला असता. मी केला नाही. तू वायर गुंडाळायला लागलीस तोपर्यंत तसाच उभा राहिलो.

त्या गाण्याचे शब्द मला कळत होते, भोंगू. ‘तुला बेअरिंगचा आवाज येतो, माझा येत नाही.’ एवढं म्हणून तू किंचाळली होतीस. पुढची ओळ काय असेल, याची मला धास्ती वाटली. शंभर माणसांसमोर ती ऐकायची नव्हती. म्हणून हात वर गेला नाही. त्याच आठवड्यात तू घर सोडलंस आणि मी म्हणत राहिलो, पोरीला सवय आणि मुद्दाम यातला फरक कळत नाही. तुला तो बरोबर कळला होता.

तू दर आठवड्याला आईला फोन करतेस, तेव्हा मी शेजारीच बसलेला असतो. ती फोन पुढे करते आणि मी हाताने नको म्हणतो. तो राग असेल असं तुला वाटत असेल. फोनवरचं मला आता कळत नाही. डावा कान दोन वर्षांपूर्वी गेला. उजव्याची दर तीन महिन्यांनी तपासणी असते आणि कागदावरची रेघ दर वेळी खाली येते. डॉक्टर म्हणाल्या, कारखान्याचं देणं आहे, परत घेता येत नाही. आईने तुला सांगितलं नसेल, मीच शपथ घातली होती.

लांब स्क्रू ड्रायव्हर मी त्यासाठीच शोधत होतो, दुसऱ्या वाटेने काही ऐकू येतं का ते बघायला. यंत्रातलं बेअरिंग घासतंय का ते आवाजावरून तपासायची आमची जुनी रीत. टोक यंत्रावर टेकवायचं, लाकडी मूठ कानामागच्या हाडावर. तसं टेपच्या पेटीला लावून मी तुझी आठही गाणी ऐकली. हाडातून येतं अजून. तेही कमी होत चाललं आहे, पण येतं. दुसरं कोणतं संगीत आता माझ्यापर्यंत पोचत नाही. हे पोचतं.

एक मागणं आहे. त्या रविवारचं तुमचं तिसरं गाणं पुढे कसं जातं? तुझ्याकडे कुठे रेकॉर्ड केलेलं असेल तर पाठव. नसेल तर कागदावर लिहून पाठव, पण गाऊन पाठवलंस तर बरं. माझ्याबद्दल काय वाटेल ते असू दे त्यात. आई खटक्याशी बसेल, मी लांब बसेन.

माझी पुढची तपासणी एप्रिलच्या अखेरीला आहे. त्याआधी जमलं तर बघ. गाणं नाही जमलं तरी पत्र पोचल्याचं एका ओळीने लवकर कळव, मी रोज दारावरची पत्रांची पेटी उघडून बघतो.

तुझा
बाबा