‘बघूया’ कुठल्या रकान्यात?

९ जाने. २००७, मालवण
कोल्हापूरहून आलो. घाट उतरल्यावर फोंड्याला एसटी थांबली, भजी खाल्ली. पोटात शांतता, डोक्यात नाही. एम.फार्म.चा प्रबंध या टर्मला द्यायचाच. नाही दिला तर सहा महिने आणखी हॉस्टेल, आणि पणजीच्या कंपनीतली मार्केटिंगची जागा दुसरा कोणीतरी उबवणार.
विषय (स्वतःलाच पाठ व्हावा म्हणून): बीपीच्या पेशंटला तेच औषध दुसऱ्या कंपनीचं, स्वस्तातलं दिलं तर तो घेईल का?
माझं भाकीत: घेईल. स्वस्त आहे ना!

११ जाने.
मामाच्या मेडिकलात स्टूल टाकून बसलो. फॉर्म, पेन, इस्त्रीचा शर्ट. मामा प्रत्येक गिऱ्हाइकाला: “भाचो माझो. औषधांच्या मार्केटिंगचा शिकता.”
शेवंतीमावशी बाजारात मासे विकते, बीपीची गोळी न्यायला आलेली. ती म्हणाली, “म्हणजे बाजारात औषधा घेवन बसतलो? माझ्या बाजूक जागा आसा हां. फक्त माशयो हाकलूक होयो.”
विचारलं. “मावशे, दुसऱ्या कंपनीची गोळी घेशीत काय गो? औषध ताच, कंपनी येगळी. स्वस्त पडात.”
“बघूया हां, बाबू.”
फॉर्मवर तीन रकाने. हो. नाही. सांगता येत नाही. तिसऱ्यात खूण केली.
जाताना तिने आईसाठी बांगडे दिले. म्हणजे नातं अनुकूल.

१८ जाने.
मालवण, कट्टा, मसुरे. सगळीकडे तेच. बघूया. बघूया हां. बघूया मां, घाई कसली. ‘नाही’ म्हणणारा एकच भेटला, तो रत्नागिरीहून बदली होऊन आलेला मास्तर.
प्रबंधाच्या गाइड सरांना फोन. सर खूश. “म्हणजे विरोध नाहीच की! तिसरा रकाना अनुकूलमध्ये धर. तुझं भाकीत बसतंय बघ.”
बसतंय! समुद्रावर जाऊन एकटाच ओरडलो. एक कुत्रा बरोबर ओरडला.
(फावल्या वेळात लिहितोय ती कथा: एकही क्रियापद नसलेली. तिसऱ्या ओळीत अडकली. माणूस खुर्चीत. आता ‘बसलाय’ म्हणायचं नाही तर काय करायचं त्याचं?)

२६ जाने.
तक्ता तयार. रंगीत आलेख काढला, ‘अनुकूल’चा खांब माडाएवढा.

२७ जाने.
जेवताना आई: “आंगणेवाडीच्या जत्रेक येतलंस मां? मसुऱ्याक मावशी वाट बघता.”
“बघूया.”
“म्हणजे येवचस नाय. मगे तसा सरळ सांग, मी तिका कळवतंय.”
“अगो, बघूया म्हटलंय ना!”
“ताच सांगतंय.”
घास हातातच. खरंच, जाणार नव्हतोच. ‘नाही’ म्हणायचं नव्हतं म्हणून ‘बघूया’. जन्मभर मी हाच शब्द असाच वापरतोय आणि फॉर्म हातात आल्यावर मला त्याचा अर्थ
आलेखातला माड कोसळला.
आई: “काय झाला रे? काटो लागलो?”

२८ जाने.
मामाला गाठलं. “मामा, गिऱ्हाईक बघूया म्हणता म्हणजे काय?”
“माणसावर आसा. शेवंती म्हणता म्हणजे नाय. बाजूचो दाजी म्हणता म्हणजे बायलेक इचारून नाय.”
“मगे माका आदी सांगूक काय झाला होता?”
“तू इतक्या झोकात बसलेलंस, माका वाटला कोल्हापुराक बघूया येगळो शिकवतत.”
वर दम: “आणि माझ्या गिऱ्हायकांका नाय म्हणणारी म्हणान लिवू नको हां. बरी माणसा ती.”

५ फेब्रु., कोल्हापूर
सरांसमोर उभा. सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढला.
“लेका, बघूया म्हणजे बघूया. आमच्यात बघूया म्हटलं की माणूस खरंच बघतो.”
“सर, आमच्यात नाही बघत.”
“मग एक्स्टर्नल परीक्षकाला काय सांगू? घाट उतरला की शब्द उलटा होतो?”
हो, असंच सांगा. (हे मनात.)
शेवटी म्हणाले, जुना तक्ता ठेवलास तर आत्ता सही करतो, या टर्मला सुटलास. नवीन काढायचा तर तुझ्या जबाबदारीवर, आणि तारखेच्या आत.
पेन त्यांच्या हातात होतं, टोपण काढलेलं. मी म्हटलं, नवीन काढतो. बाहेर आल्यावर हसू येत होतं.

९ फेब्रु., मालवण
नवा प्रश्न सुचत नाही. ‘खरं खरं सांगा’ असं विचारलं तर माणसं जास्तच गोड बोलतात. दाजींनी तर चहा मागवला.

१० फेब्रु.
सापडला!!! शेवंतीमावशीला सहज म्हटलं, तुझं राहू दे, तुझी शेजारीण सुलभा घेईल का ही गोळी?
मावशीने टोपली खाली ठेवली.
“सुलभा? ती कित्याक घेता! हय हसत हसत घेतली आणि घराक जावन कपाटात ठेयतली. झील मुंबैसून इलो की त्येका दाखवतली, बघ, मेडिकलवाल्यान काय दिल्यान ता.”
“आणि खायत काय?”
“जुनीच. सरत इली की अर्धी अर्धी करून.”
स्वतःबद्दल एक शब्द, शेजारणीबद्दल अख्खं पान! आणि ‘बघूया’ एकदाही नाही.

१३ फेब्रु.
धो धो उत्तरं. पेन पुरत नाही. दाजी: “बाजूचो? तो रंग बघता. पांढरी गोळी म्हणजे खडू म्हणता.” संध्याकाळी सुलभाकाकी आली, तिला शेवंतीमावशीबद्दल विचारलं. तीच हकीकत: हसणं, कपाट, अर्धी गोळी. फक्त मुलाच्या जागी जावई.
मामा काउंटरमागून: “आता गावात भांडणा लावन जातलंस तू.”
बिनक्रियापदाची कथा फाडली. गावातला प्रत्येकजण फक्त शेजाऱ्याच्या तोंडून कळतो, अशी कादंबरी. प्रबंध संपला की. आधी प्रबंध!

१९ फेब्रु.
नवा तक्ता. भाकीत साफ आपटलं: स्वस्त असूनही घेत नाहीत, आणि तोंडावर सांगतही नाहीत. माझ्या चुकीच्या भाकितावर इतका आनंद मला कधी झाला नव्हता. आईने मोदक केले, तिला वाटलं पास झालो.

२२ फेब्रु., कोल्हापूर
एक्स्टर्नलच्या केबिनबाहेर बाकावर. सरांनी सही केली. मग म्हणाले, “एक्स्टर्नल बाई मूळच्या सावंतवाडीच्या आहेत.” मी उडालोच. “पण लग्न होऊन सांगलीत आल्या त्याला जमाना झाला.”
म्हणजे त्यांचं ‘बघूया’ कुठलं? माहेरचं की सासरचं?
दाराच्या काचेतून दिसतायत. पानं उलटतायत. त्या तक्त्यावर आल्या बहुतेक. थांबल्या. सरांना काहीतरी विचारलं, सरांनी माझ्याकडे बोट केलं.
बाई हसतायत. कशाला, ते इथून कळत नाही. बोलावतायत