कपाटातला तुकडा

धाकट्या,

हे पत्र मी टाकणार नाही, म्हणूनच खरं लिहितेय.

परवा फोनवर तू पुन्हा विचारलंस, "ताई, बाबांच्या केबिनमधून पाहिलेल्या त्या सिनेमाची डीव्हीडी कधी येणार गं?" मी "येईल रे" म्हणून विषय बदलला. तेव्हापासून घरभर नुसत्या येरझाऱ्या घालतेय.

डीव्हीडी काढणाऱ्या कंपनीचं उत्तर केव्हाच आलंय. एकच प्रिंट उरलीय, बाबा ऑपरेटर होते त्या थिएटरातली. तिच्यातला बाजाराच्या गाण्याचा तुकडा गायब आहे. तो मिळाल्याशिवाय डीव्हीडी निघणार नाही.

तुकडा माझ्या कपाटात आहे, शिवणाच्या डब्यात. पहिल्याच खेळानंतर बाबांनी तो कात्रीने कापला. मी जेवणाचा डबा घेऊन दारातच उभी होते. "धाकट्याला बोलायचं नाही," एवढंच म्हणाले.

बाजाराच्या गर्दीत आई आहे. ती दवाखान्यातच गेली, असं बाबांनी सांगितलं आणि आपण रडलो, त्याच्या दोन वर्षांनंतरचं ते शूटिंग.

ती जिवंत होती, हे कधीतरी सांगितलंही असतं रे. पण ती हसतेय. पोट धरून हसतेय. ते तुला कसं सांगू?

तुझी थापाडी
ताई