मंगळवारची बैठक

१४ नोव्हेंबर

काका,

नमस्कार. माझं अक्षर बघून कपाळाला आठी पडली असेल. पडू दे, पण वाचा. डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असं तुमच्या मुलीकडून कळलं, म्हणून जरा मोठ्या अक्षरात लिहितेय. थेंब वेळेवर घाला. ‘घालतो हो’ म्हणून विसरायची तुमची सवय मला पंचवीस वर्षं माहीत आहे.

इकडे सगळं ठीक. ठीक म्हणजे काय, ऑफिसला पंचवीस वर्षं झाली म्हणून आम्ही स्वतःचीच पाठ थोपटायला निघालोय. पुस्तक काढतोय. आमच्या वास्तुरचनेच्या व्यवसायाची वाटचाल! जाडजूड, गुळगुळीत, चार पानं उलटली की मनगट दुखावं असं. प्रूफं माझ्या टेबलावर आहेत. चार दिवस वाचतेय आणि खरं सांगते, मला ओकारी येते.

पहिलं काम कुठलं छापलं असेल, सांगा बघू? बसस्टँडची मुतारी? छे हो! दाढी म्हणाला, “मुतारीनं कुणी पुस्तक सुरू करतं का?” आमच्या भागीदारसाहेबांनी दाढी उतरवून बारा वर्षं झाली, अख्खं ऑफिस त्यांना सर म्हणतं, पण तुम्ही ठेवलेलं नाव काही माझ्या तोंडातून जात नाही. तर आता आमची सुरुवात एका संग्रहालयाच्या उपाहारगृहानं होते. ती मुतारी गेली. छापखान्यावरची आपली पहिली खोलीही गेली. खाली मशीन सुरू झालं की तुमचं टेबल थरथरायचं, आणि लांब रेघ मारायची असली की तुम्ही पेन उचलून मशीन थांबायची वाट बघत बसायचात. पुस्तकात त्याला ‘मर्यादित साधनांचा काळ’ म्हटलंय. मेल्यांनो, साधनं मर्यादित नव्हती, काका होते!

आणि ‘बैठक’. तिचं काय केलंय ते ऐका. आपला साधा नियम होता: कुठल्याही जागेचा नकाशा काढायला घेण्याआधी तिथं एक अख्खा दिवस बसायचं. सकाळी सात ते संध्याकाळी सात, कामाच्या वारी, हातात वही. कोण येतं, कुठून येतं, कुठं टेकतं, ते सगळं लिहायचं. त्या मुतारीबाहेर आपण तिघं नाकाला रुमाल लावून बसलो होतो आणि तुम्हीच म्हणालात, “बाई, बायका इथं दोघी-दोघीनं येतात. एक आत जाते, दुसरी पिशव्या धरते. एकटी आली तर ती जातच नाही.” मग आपण दारामागं पिशवीसाठी दगडी फळी काढली. आजही आहे ती. आता पुस्तकात त्याच बैठकीला आठ पानं दिलीत. गोल काढलेत, गोलांत बाण काढलेत, आणि खाली लिहिलंय, ‘आमची स्वतःची कार्यपद्धती’. शेवटची खरी बैठक या ऑफिसात कधी झाली ते कुणाला विचारलं तर सगळे छताकडे बघतील. आता ड्रोन जातो, दहा मिनिटांत परत येतो.

चित्रंही बघा कधी. आमच्या चौकांत कोण फिरतं? सडपातळ बाई, फुगा धरलेलं पोर, सायकलवाला. सगळे हसरे. एकाचाही हात गळ्यात बांधलेला नाही, एकाच्याही हातात काठी नाही. मला त्या फुग्यांची किळस यायला लागलीय.

बरं. उरलेलं उद्या लिहीन. तुमच्या मुलीचं काम चांगलं चाललंय हे सांगायचं राहिलं.

१५ तारीख

काल तुमच्या मुलीपाशी येऊन थांबले आणि चक्क पळून गेले. आज तिथूनच सुरू करते.

ती मुलाखतीला आली तेव्हा आम्ही तिघं होतो: दाढी, मी आणि हिशेब-कामगार बघणारी नवी बाई. पोरीनं तिची कामं टेबलावर मांडली. तुमच्यासारखीच मांडते हो, कडेला कड लावून. चांगली कामं होती. दाढीनं तिचं आडनाव वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि हसत म्हणाला, “बाबांसारखा बेफिकीरपणा नाही ना करणार?”

थट्टा! आपल्याला वाटतं ना, माणूस कुठल्या तरी पायरीवर थांबेल? नाही थांबत.

पोरगी लाल झाली. पण मान खाली घातली नाही. म्हणाली, “त्यांच्या हातून चूक झाली हे मला माहीत आहे, सर. घरी आम्ही त्याबद्दल बोलत नाही. माझ्याकडून नाही होणार.”

मी काय केलं विचारा. मी म्हटलं, “कधीपासून रुजू होऊ शकशील?”

काका, माझं तोंड शिवलेलं नव्हतं. मला कुणी धाक घातला नव्हता. समोर तुमची मुलगी बसली होती आणि मी तिला तारीख विचारत होते.

ती रुजू होऊन पंधरा दिवस झाले. तिचं टेबल माझ्या काचेसमोर आहे. ती प्रत्येक रेघ तीनदा तपासते. आधी पडद्यावर, मग कागदावर छापून, मग पट्टी लावून. बाकीची पोरं तिची टिंगल करतात. परवा मीच म्हटलं, “अगं, पुरे की आता, किती तपासशील?” तर म्हणाली, “असू दे मॅडम. आमच्या घरात एकदा झालंय. परत नको.”

मी माझ्या खोलीत येऊन बसले. पुढ्यात पुस्तकाचं प्रूफ. पान एकशे अठरा, ‘चुकांतून शिकताना’. त्या रुग्णालयाच्या चौकाचा मोठा फोटो, आणि खाली ओळ: ‘तांत्रिक सहकाऱ्याच्या अनवधानामुळे जुना नकाशा वापरला गेला.’ गुरुवारपर्यंत माझी सही हवी आहे.

तुमचं नाव नाही घातलेलं. आम्ही सभ्य माणसं ना! पण त्या वर्षी तांत्रिक सहकारी, म्हणजे नकाशे काढणारा ड्राफ्ट्समन, आमच्याकडे एकच होता, हे या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आता ते छापून, बांधून, प्रत्येक कॉलेजच्या कपाटात जाणार. तुमची मुलगी ते पुस्तक हातात घेऊन त्याच ऑफिसात बसणार.

तुम्ही मला कधी विचारलं नाहीत, म्हणून मी कधी सांगितलं नाही. असं मी स्वतःला समजावत आले. पण तुम्ही विचारलं होतं. दोनदा. आज सगळं लिहिते, एकही गोष्ट न गाळता.

त्या चौकाची बैठक माझ्याकडे होती. मंगळवारी करायची ठरलं होतं. मंगळवारी मला एका कॉलेजात सत्काराचं बोलावणं आलं. शाल, फुलं, ‘आपल्या शहराला आकार देणाऱ्या’ वगैरे. मी सत्काराला गेले. आणि बैठक? ती मी रविवारी केली. अडीच तास. तीही गाडीत बसून, काचा वर करून, थंड हवा लावून. रुग्णालयाचं मागचं फाटक रविवारी बंद असतं, कारण हाडांचा बाह्यरुग्ण विभाग बंद असतो. मला ते माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायलाच तर बसायचं असतं! मी कागदावर लिहिलं, ‘मंगळवार, सकाळी सात ते संध्याकाळी सात.’ माणसांचे आकडे अंदाजानं बारा तासांवर पसरवले. आणि लिहिलं, ‘मागचं फाटक: बंद. वापर नाही.’

तुम्ही जुन्या मोजणीवरून ते फाटक उघडं काढलं होतं. माझ्या खोलीत कागद घेऊन आलात. “बाई, हे फाटक चालू असतं. आमच्या हिचं प्लॅस्टर होतं तेव्हा मी इथूनच तिला आणायचो.” मी म्हटलं, “काका, ते तेव्हा. आता बंद आहे.” तुम्ही गेलात. दुसऱ्या दिवशी परत आलात. “बाई, एकदा बघून येऊ का? अर्ध्या तासाचं काम.” मी काय म्हटलं ते तुम्हाला आठवत असेलच, पण मी माझ्या हातानं लिहायला हवं. मी म्हटलं, “बैठकीच्या कागदावर माझी सही आहे. माझा कागद खोटा आहे असं म्हणायचंय का तुम्हाला?”

तुम्ही कागद उचललात. जाऊन फाटक खोडलंत.

मग आम्ही त्या भिंतीलगत दगडी वाफा बांधला. कमरेइतका उंच, चाळीस पावलं लांब, झाडं लावून सुरेख. बक्षीसही मिळालं त्याला. आणि दर सोमवार ते शनिवार प्लॅस्टरवाली, काठीवाली, कुबड्यांवरची माणसं त्या फाटकातून बाहेर आली आणि वाफ्यापुढं उभी राहिली. पलीकडे वीस पावलांवर बसथांबा. वळसा घालायचा तर वाहत्या रस्त्यावर उतरायचं. माणसं वाफा चढायला लागली. पाचव्या महिन्यात एक निवृत्त शिक्षिका, हात गळ्यात, वाफ्यावरून पलीकडे पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. त्या परत उभ्या राहिल्या नाहीत. मी त्यांना बघायला गेले नाही. फुलं पाठवली. काका, मी फुलं पाठवली!

त्या अपघाताच्या चौकशीत दाढी म्हणाला, “आमच्या ड्राफ्ट्समननं जुना नकाशा वापरला.” एवढं धडधडीत खोटं! जुन्या नकाशात तर फाटक उघडं होतं. जुना नकाशा वापरला असता तर त्या बाई आज चालत असत्या. त्या खोलीत हे दोघांनाच माहीत होतं, त्याला आणि मला. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि प्यायले. मग तुम्हाला दाढीच्या खोलीत बोलावलं. तीस जणांची पोटं आहेत, तुमची तर तीनच वर्षं राहिलीत, कुणी तुमच्या अंगाला हात लावणार नाही. दाढीचं हे सगळं व्याख्यान झालं. तुम्ही माझ्याकडे एकदा बघितलंत. मी खिडकीबाहेर बघत होते. ‘चूक माझी’ अशा कागदावर तुम्ही सही केलीत.

१६ तारीख, सकाळ

काल पुढं लिहवेना. आता थोडंच उरलंय.

दोन वर्षांपूर्वी मी तुमच्याकडे आले होते. माफी मागायलाच आले होते. तुम्ही चहा केलात, बिस्किटं काढलीत, मी तोंड उघडलं आणि तुम्ही हळूच म्हणालात, “आत पोरगी अभ्यास करतेय. तिच्यासमोर नको. तुमच्याकडे बघून ती या लाईनीत आलीय बाई. तिला एक तरी माणूस मोठं राहू दे.”

मी चहा पिऊन घरी आले. आणि लाज कशी ती नाही, मला हलकं वाटलं! म्हटलं, काकांचीच इच्छा आहे. तुमच्या चांगुलपणाची मी पांघरूण म्हणून घडी केली आणि दोन वर्षं घेऊन झोपले. दाढीचा, त्या फुग्यांचा, त्या गुळगुळीत कागदाचा मला वीट आला असं तुम्हाला दोन दिवस सांगतेय, पण खरी शिसारी मला कुणाची येते ते तुम्ही पहिल्या पानावरच ओळखलं असेल.

आज सकाळी आठला ऑफिसात आले. पान एकशे अठरावरची ती ओळ काट मारून खोडली आणि वर लिहिलं: ‘स्थळाची पाहणी मी ठरल्याप्रमाणे केली नाही, केल्याचं खोटं लिहिलं. आमच्या ड्राफ्ट्समननी दोनदा सावध केलं होतं.’ खाली माझं नाव, सही. त्याचीच एक प्रत, बैठकीच्या त्या कागदासकट, चौकशी ज्यांनी केली त्यांच्या कचेरीत पाठवली. दाढी आला, वाचलं, पांढराफटक पडला. “तुला वेड लागलंय का? ऑफिस बुडेल!” मी म्हटलं, “बुडू दे.” तो अजून ओरडतोय. बाहेर सगळे ऐकताहेत. तुमची मुलगी पट्टी हातात धरून माझ्या काचेकडे बघतेय.

तिला तोंडानं सांगायला मी दोनदा गेले. एकदा तोंडातून निघालं, ‘ही रेघ जरा जाड कर’, एकदा निघालं, ‘जेवलीस का?’ माझ्या जिभेवर माझा भरवसा राहिलेला नाही. आणि हे पत्र पोस्टानं तुम्हाला पाठवलं तर तुम्ही काय कराल ते मला पक्कं ठाऊक आहे. वाचाल, घडी घालाल आणि कपड्यांखाली ठेवून द्याल. ती म्हातारी झाली तरी तिला दिसायचं नाही.

म्हणून हे पत्र तुमची मुलगी आणेल. पाकीट चिकटवलेलं नाही. आत्ता तिच्या टेबलापाशी जाऊन हातात देणार आहे आणि सांगणार आहे, आधी तू वाच, इथंच, सगळ्यांसमोर, मग बाबांना नेऊन दे. तुमची इच्छा मोडतेय, काका. तिला मोठं माणूस हवं असेल तर ते घरातच आहे.

पोरी, इथवर वाचलं असशील, तर मान वर करून माझ्याकडे बघ. मी समोर उभी आहे. जे बोलायचं ते बोल.

तुझ्या बाबांच्या हातून चूक झाली नव्हती.

जिनं तुमच्याकडून फाटक खोडून घेतलं ती,
बाई