बाटलीचा दोरा कापला त्याबद्दल

ग्रास,
मंगळवार

आदरणीय हर्मीनताई,

नमस्कार. तुमचा गुडघा जिना चढू देतो की अजून रुसलेलाच आहे, ते कळवा. प्रेफे बोक्याची तब्येत विचारत नाही. तो आपणा सगळ्यांना पोचवूनच जाईल. मी बरा आहे. जेवतो. शेजारच्या बाई सूप देऊन जातात आणि भांडं न्यायला आल्या की ते रिकामं आहे का, हे आत डोकावून बघतात. त्यामुळे जेवावंच लागतं.

रविवारी तुम्ही मटण भाजून वाट बघितलीत आणि मी आलो नाही, फोनही केला नाही. "आर्लेत गेली म्हणजे तिच्या बहिणीच्या घराशी तुमचा संबंध संपला का, फर्नां?" असं तुम्ही लिहिलंत. तसं काही नाही. त्या वेळी मी इथल्या सभागृहात, जुन्या अत्तरांच्या बाटल्या जमवणाऱ्यांच्या मेळाव्यात होतो आणि एक गृहस्थ माझ्यामुळे खुर्चीत बसून पाणी पीत होते. सगळं सांगतो म्हणजे राग जाईल. (जाणार नसला तरी वाचा.)

आर्लेतचं अत्तर तुम्हाला आठवत असेल. द्यूमोंतेल या फॅशनवाल्यांचं 'पोर्त ब्ल', निळ्या बुचाचं. ती ते रविवारी लावायची, कुणाच्या लग्नात लावायची आणि माझ्याशी भांडण झालं की लावायची. (त्यामुळे भांडण मिटायचं की लांबायचं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.) ती गेल्यावर मी अधूनमधून ती बाटली उघडायचो. तळाशी होतं तेवढं या हिवाळ्यात उडून गेलं. म्हणून दुकानात जाऊन नवी मागितली. तिथल्या मुलीने कागदाच्या पट्टीवर फवारून दिलं. ताई, त्याला नुकत्याच पुसलेल्या लिफ्टचा वास होता. हे ते नाही म्हटलं, तर म्हणाली, "तेच आहे काका, फक्त सुधारलंय." मी जन्मभर जमिनी मोजल्या, हद्दीचा दगड कोणी हलवला तर आमच्या खात्यात त्याला सुधारणा म्हणत नाहीत. पण चौकशी केल्यावर कळलं की नाव आणि बाटली तीच ठेवून आतली कृती बदलत राहायची, असं सर्रास चालतं. म्हणजे मला एका ठराविक काळातलं 'पोर्त ब्ल' हवं होतं, आणि तो काळ कुठला हे जिला विचारावं ती नाही.

मेळाव्यात सगळ्यांनी बोट दाखवून, बाटलीचं साल काढून देणाऱ्या व्होक्लँबाईंकडे पाठवलं. या दातांच्या डॉक्टर होत्या, आता निवृत्त आहेत. खुर्चीत बसा म्हणाल्या, दिव्याचा झोत वळवला, आणि माझं तोंड आपोआप उघडलं. "तुम्ही मिटा हो," त्या म्हणाल्या, "मला बाटली बघायचीय." मग दात बघायचा तो छोटा आरसा घेऊन त्यांनी रिकामी बाटली आतून-बाहेरून, तळाकडून, मानेकडून बघितली. लेबलावरच्या पत्त्यात पिन कोड आहे, म्हणजे बहात्तरच्या आधीची नाही. मी खोका नेला होता, त्यावर दुकानातल्या यंत्राला दाखवायच्या काळ्या रेघा नाहीत, म्हणजे फार अलीकडचीही नाही. बुचाची निळी छटा, काचेच्या तळाचा ठसा, असं करत करत त्या एक्याऐंशीच्या आसपास येऊन थांबल्या. इथवर मला समजत होतं, आमच्या कामातही असंच असतं. पण मग त्या मानेजवळचं तपकिरी कडं बघत म्हणाल्या, "बाई बूच घट्ट लावत नव्हत्या." लेबलाची एक बाजू झिजली होती, ती बघून म्हणाल्या, "डावखुऱ्या होत्या ना?" ताई, त्या आर्लेतला कधी भेटलेल्या नाहीत. (बुचाबद्दल मी तिला जन्मभर सांगत होतो.)

तशीच, त्याच काळातली, न उघडलेली बाटली पेलिसिए नावाच्या गृहस्थांच्या टेबलावर होती. मानेला पातळ पापुद्रा, त्यावर काळा दोरा, कारखान्यात बांधला तसाच. त्यांच्याकडे दोन होत्या म्हणून एक द्यायला ते तयार झाले, पण आधी मुलीला स्थळ बघावं तशी चौकशी केली. कपाट उत्तरेकडच्या भिंतीला आहे का, घरात सिगारेट कोण ओढतं, ऊन कुठवर येतं. मी विचारलं, वास कसा आहे हिचा? ते म्हणाले, "वास? मला काय माहीत? तुम्ही सफरचंदाच्या चित्राला चावता का?" बाटली उघडणार नाही असं वचन मात्र त्यांनी घेतलं नाही. कोणी उघडेल हे त्यांच्या मनातच आलं नाही.

मी खिडकीशी जाऊन बसलो आणि खिशातल्या चाकूने दोरा कापला. एवढ्या गजबजाटात तो आवाज कसा ऐकू गेला देव जाणे, पण सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. पेलिसिएंना कोणीतरी खुर्ची दिली, पाणी दिलं. "काय केलंत हो," एवढंच ते म्हणत होते. शेवटी व्होक्लँबाईच म्हणाल्या, "आता दात उपटलाच आहे, तर बघू तरी."

मग एकेकजण मनगट पुढे करून आला. पहिल्यांदा नुसता नेलपॉलिशचा दर्प आला आणि मला वाटलं, सगळं वाया गेलं. "थांबा," बाई म्हणाल्या. आम्ही थांबलो. हळूहळू त्याखालून ओलं शेवाळ वर आलं, मग चामडं, मग एक पावडरीसारखं काहीतरी. एवढी माणसं आपापलं मनगट नाकाशी धरून उभी होती. इतकी वर्षं त्या काचेत हे सगळं वाट बघत बसलं होतं. पेलिसिए खुर्चीतून उठले, त्यांनीही मनगट पुढे केलं, बराच वेळ डोळे मिटून राहिले आणि म्हणाले, "असं असतं होय?"

ताई, ते 'पोर्त ब्ल'च होतं, तंतोतंत. फक्त त्यात आर्लेत नव्हती. मी बाईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "निम्मं बाटलीतलं असतं, निम्मं माणसाच्या अंगातलं. साल मी काढून देते, माणूस कुठून काढू?" मग जेवायला भरलेला कोबी होता. पेलिसिएंनी मला शेजारी बसवून घेतलं आणि हळूच सांगितलं, घरी आणखी काही बंद बाटल्या आहेत. स्वतःच्या हाताने धीर होत नाही. पुढच्या मेळाव्याला चाकू घेऊन येता का?

तेव्हा रविवारची गैरहजेरी पोटात घाला.

तुमचा,
फर्नां

ता. क. आर्लेतचा हिरवा लोकरी स्कार्फ आवराआवर करताना तुम्ही नेलात, तेव्हा मी "न्या, न्या" म्हणालो. तो परत नको. फक्त धुवायला टाकू नका. येत्या रविवारी येतो, मटण केलं नाहीत तरी चालेल. जरा वेळ त्याच्याजवळ बसून जाईन.

पुन्हा ता. क. धुतला असेल तर ते मला लिहू नका. प्रेफे त्यावर झोपतो आणि कोणाला हात लावू देत नाही, असं कळवा. त्या बोक्याबद्दल मी काहीही खरं मानतो.