आदर्श नजर

सोमवार, ५ मार्च

नवं गाव, नवी नोकरी, आणि घर चक्क हवेशीर. बाबा खूश आहेत. रस्त्याच्या टोकाला औषधाचं दुकान आहे, तिथवर फिरायला जाता येईल म्हणत संध्याकाळी निळी लोकरीची टोपी चढवून जाऊनही आले. कामही मजेचं. गाडी आपली आपण चालते. मी सीटवर बसून लक्ष ठेवायचं, ती चुकली तर ब्रेक दाबायचा. आणि माझ्यावर लक्ष ठेवायला स्टिअरिंगमागे बोटाएवढा कॅमेरा! नजर समोरून हलली की तो कोकलतो आणि सीट थरथरते. इंजिनिअरने हे इतक्या गंभीरपणे सांगितलं की मला हसूच आलं. सासूबाईंनीसुद्धा माझ्यावर एवढी पाळत ठेवली नव्हती.

बुधवार, ७ मार्च

डोकं फिरलंय. इतकी वर्षं शाळेची बस चालवली. उभ्या गाड्यांच्या फटीतून कोण कधी पुढ्यात येईल याचा नेम नसतो, म्हणून डावीकडे बघत जायची सवय हाडीमाशी खिळली आहे. आणि हा टीचभर कॅमेरा दर फटीला माझ्यावर ओरडतो! औषधाच्या दुकानापाशी तर गाड्यांची एवढी दाटी की न बघून चालतच नाही. इंजिनिअर म्हणाला, बाजूचं गाडी बघेल, तुम्ही समोर बघा. असंच चालू राहिलं तर नोकरी टिकणार नाही, हेही त्याने गोड आवाजात ऐकवलं.

शुक्रवार, ९ मार्च

आज मला पडद्यावर ‘आदर्श नजर’ दाखवली. माझ्याआधी याच गाडीवर असलेल्या ड्रायव्हरची. लक्ष म्हणजे काय, हे सोमवारपासून कॅमेऱ्याला त्याच्याच डोळ्यांवरून शिकवणार म्हणे. अख्ख्या फेरीत एकदाही अलार्म नाही. बघताना अंगावर काटा आला, पण कशाने ते कळेना. घरी भांडी घासताना कळलं. त्याची पापणी एकदाही लवली नव्हती.

सोमवार, १२ मार्च

आता पापणी मिटली तरी कॅमेरा ओरडतो. रोजची कटकट नको म्हणून मी न मिटता बसायला शिकले. स्वतःचीच चीड येते. इंजिनिअरने पाठ थोपटली. जेवताना बाबांनी विचारलं, माझ्याकडे अशी रोखून काय बघतेस, रागावलीस का?

बुधवार, १४ मार्च

फाटकावरच्या पहारेकऱ्याने सगळं सांगितलं. तो ड्रायव्हर गाडीतच गेला. हृदय बंद पडलं, डोळे उघडे राहिले. गाडी त्याला घेऊन चालत राहिली, कॅमेरा खूश! औषधाच्या दुकानापाशी एक बाई चाकाखाली आली, तेव्हा कुठे लोकांनी दार उघडलं. तोवर तो गार पडला होता.

मेलेल्या माणसाची नजर, आणि आम्ही जिवंत माणसांनी ती गिरवायची! तळपायाची आग मस्तकात गेली. इंजिनिअरला गाठलं. त्याला ठाऊक होतं. म्हणाला, पण मोजमाप तर उत्तम आलं ना. त्याच्या कानाखाली आवाज काढायला हात शिवशिवत होते.

गुरुवार, १५ मार्च

डोळे मिटत नाहीत. झोपेतही नाही. बोटांनी मिटले तरी उघडतात, आतून कुणी धरून ठेवल्यासारखे. आग आग होते. बाबा घाबरलेत. उद्या थेंब आणतो म्हणाले. मीच आणते म्हटलं, तर ऐकतील तेव्हा ना.

शुक्रवार, १६ मार्च

राजीनामा पर्समध्ये. ही शेवटची फेरी. गाडी धावतेय, वही मांडीवर आहे, मी लिहितेय आणि कॅमेरा गप्प! डोळे समोर आहेत ना, बस. हिरवा दिवा. ‘लक्ष आहे.’ डोंबलाचं लक्ष! ही वही त्या इंजिनिअरच्या तोंडावर मारणार आहे.

अक्षरं वेडीवाकडी येताहेत. खाली बघता येत नाहीये. मान —

मान वळत नाही. पाय ब्रेकवर जात नाही. तोंड उघडत नाही. हात तेवढा माझा आहे. तोही गार पडतोय.

दुकानाची पाटी. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात, फटीत — निळी टोपी. हातात छोटी पुडी.

थेंब. माझ्यासाठी.

गाडीला दिसत नाहीत का ते? वेग कमी का — अरे मेल्या, एकदा तरी डावीकडे बघ, एकदा —

हिरवा दिवा.

बाबा, मागे व्हा, बा