दोन इलाज आणि एक कोयता

अण्णा, तुमच्या लेकीलाही मुतखडा झाला. जमीन काही ठेवून गेला नाहीत, वारशात हे एवढं मात्र दिलंत.

बीडच्या डॉक्टरांनी फोटो दाखवून नीट समजावलं. एक इलाज लाटांचा. टेबलावर पडायचं, बाहेरून टकटक ठोके बसतात, आत खड्याचा चुरा होतो आणि लघवीवाटे निघून जातो. चिरा नाही, टाका नाही. पण माझा खडा मोठा, कडक. दोन-तीनदा यावं लागेल, एखादा तुकडा वाटेत अडकेलही. दुसरा इलाज ऑपरेशनचा. पाठीला बोटभर भोक पाडून, दुर्बिणीनं बघत खडा फोडून काढायचा. बहुतेक एकाच खेपेत मोकळं, पण दीड महिना ओझं उचलायचं नाही. “दोन्ही चालतील, तुम्ही ठरवा,” म्हणाले.

तुम्हाला कुठलं आलं निवडायला! बरगडीखाली वीतभर चिरलं होतं. पुढं आल्या पाहुण्याला चहाआधी बंडी वर करून तो व्रण दाखवायचात. मला बघायला आलेल्यांनाही दाखवलात. आतल्या घरात मी लाजेनं अर्धी झाले, तर बाहेर माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी उठून स्वतःचा व्रण दाखवला. सोयरीक तिथंच जमली.

दसरा झाला की ऊसतोडीची टोळी निघणार होती. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक जण पडला की कोयता मोडला, हे तुम्हाला काय सांगायचं. हे म्हणाले, “लाटाचंच कर. आठ दिसात मोळी उचलशील.” चौथीतली लेक शेजारी बसून ऐकत होती. ती म्हणाली, “मम्मे, आप्रेशनच कर. मंग तू हितंच ऱ्हाशील न्हाई का?”

मी ह्यांना सांगितलं, ऑपरेशनच बरं. “हे डाक्टर म्हनले का तू म्हनतीस?” “दोगं बी.” हसले, आणि एकट्यानंच, अर्ध्या कोयत्यावर गेले.

आता टाके वाळलेत. रोज लेकीची वेणी घालते. काल तिच्यासोबत हुरडा खाल्ला, पोट दुखेपर्यंत. हुरड्याच्या दिवसांत मी गावात आहे ते जन्मात दुसऱ्यांदा. पहिली वेळ तुमच्या ऑपरेशनची.

त्या वर्षी तुम्ही बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडायचात. “माझ्यापायी समद्यांचं साल वाया गेलं,” म्हणायचात. मी मात्र वर्षभर एकाच शाळेत गेले. आई रोज गरम भाकरी वाढायची. आम्ही सगळे एका छपराखाली होतो, आणि मी इतकी सुखात होते की तुम्हाला ते सांगायची हिंमत झाली नाही. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून आता सांगते. तुम्ही कण्हायला लागलात की मी लिंबागणेशच्या गणपतीला हात जोडायचे: अण्णांना बरं कर, पण घाई करू नको.